ज्योत्स्नाची थंड कॉफी

अंकुशनगर, २१ एप्रिल

माय, तुला बेबीनंदाचा जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. सूनबाईकडून सावकाश वाचून घे.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. ज्योत्स्ना कामावर जाते, पण घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडते. हे जाऊन चार महिने झाले, तिनं पप्पांचं नाव काढलं नाही. जेवण अर्धी भाकर.

परवा म्हणाली, "आई, थंड कॉफी कर ना." मला कुठं येते! बुद्धपौर्णिमेच्या खिरीसारखं दूध आटवलं, कॉफी न् वेलची टाकली, वर बर्फ घातला.

एक घोट घेऊन म्हणाली, "अगं, ही तर कॉफीची खीर झाली! आणि बर्फानं तीबी पाणचट."

मंग मी कॉफीच्या पुडीवरचं सगळं वाचून काढलं. काल कडक कॉफीत साखर विरघळवली आणि तिचाच बर्फ जमवला. तो गार दुधात टाकला, म्हणजे विरघळला तरी चव जात नाही.

तिनं गिलास रिकामा केला. म्हणाली, "पप्पा जालन्याला पाजायचे, ती याहून गोड असायची." मंग खूप रडली. नंतर स्वतःहून भाकर मागितली.

माझी काळजी करू नको. भाजी निवडता निवडता डोळा लागतो, एवढंच. तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या घेतेस ना?

एवढ्यात येणं होणार नाही, रागावू नको. ती आता पप्पांचं बोलायला लागली आहे. ऐकायला घरात कुणीतरी पाहिजे.

तुझी बेबी