आत कललेले दात

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीस. तरी लिहिते आहे. आज दवाखान्यात तुझं एक वाक्य मी परक्या बाईला ऐकवलं, आणि ते तुझं आहे हे सांगायचं राहून गेलं. तेच मनाला लागलं आहे.

तू मला नागपूरला ज्या दातांच्या डॉक्टरांकडे कामाला पाठवलंस, तिथंच मी अजून आहे. आपल्या घरात पाटी पहिल्यांदा माझ्या हाती आली. चुकले तर सगळ्या घराचं नाव जाईल, ही धास्ती अजून आहे. अवजारं उकळली का, हे मी झाकण उचलून पुन्हा पाहते. डॉक्टर हसतात.

आज आरमोरीकडची एक बाई लेकीला घेऊन आली. डोंग्यातून वैनगंगा ओलांडून, मग ब्रह्मपुरीहून आगगाडीनं. पोरीचा खालचा जबडा पुढं आणि खालचे दात आत कललेले. माझ्यासारखे. धानकापणी झाली की पाहुणे पाहायला येणार होते.

"रोज सकाळी आतून अंगठ्यानं दाबून राह्यली मी," बाई म्हणाली, "पण सरळच होत नाई. तुमी तार लावून वढा बाहेर."

माय, तो अंगठा मला कसा विसरता येईल? राखेनं दात घासून झाले की तू मला चुलीपुढं बसवायचीस आणि खालचे दात आतून पुढं दाबायचीस. आत्याबाईंनीच सांगितलं होतं ना? "वयनी, असेच ठेवले तं कोण करीन हिले?" एका सकाळी तुझ्या अंगठ्याला रक्त लागलं. तू ते पदराला पुसलंस. "दात हायेत का खुंट्या, ठोकून सरळ कराले? नाई दाबत मी आता." आत्याबाई कितीतरी दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी पोरीचा बाजूनं काढलेला एक्स-रे खिडकीशी धरला. जबडा असा पुढं असला, की खालचे दात वरच्यांना गाठायला आत कलतात, ते म्हणाले. अशा दातांच्या मुळांभोवतीचं हाड बहुधा पातळ असतं. हिचं तर फारच पातळ दिसत होतं. जोर लावून दात पुढं काढले, तर मुळं हाडाबाहेर येतील आणि दात हलायला लागतील.

बाईला ते पटेना. "मंग हिचं लगन?"

ती दुसरीकडे जाऊन तार लावून घेईल, याची मला भीती वाटली. मी डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारून खात्री केली आणि तिच्याजवळ खाली बसले. "बाई, वावराच्या पातळ धुऱ्यावरचं झाड हाये हे. ढकललं तं धुराच फुटते. दात हायेत का खुंट्या, ठोकून सरळ कराले?"

ती हसली, पण लगेच म्हणाली, "तुमचं काय जाते बोलाले? तुमाले थोडीच कोणी पाहाले येऊन राह्यलं."

माझा हात नेहमीसारखा तोंडावर होता. तो मी खाली घेतला. "माहेबी असेच हायेत. माह्या मायनं दाबणं सोडलं, म्हणून जागेवर हायेत."

पोरगी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग आईला म्हणाली, "पाह्य, नोकरी करते ते." बाईनं पोरीची हनुवटी धरून तिचे दात पुन्हा एकदा पाहिले. शेवटी म्हणाली, "नाई दाबत आता. पाहुण्यायले काय पाहाचं ते पाहू दे."

त्या गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, तू थांबलीस म्हणूनच माझे दात टिकले का? "तसं नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. मग मी त्या बाईला खोटं सांगितलं का गं? तुझं श्रेय मात्र माझ्याच्यानं परत घेववत नाही.

एका गोष्टीचा राग आहे. तूही जन्मभर तोंडाला पदर लावून हसलीस. तुझे दात मी कधी नीट पाहिलेच नाहीत. मला तरी दाखवायचे होतेस.

आत काय आहे ते पाहिल्याशिवाय मी कोणाच्या दाताला जोर लावू देणार नाही. आणि हसताना तोंडावर हात नेणार नाही. हे दुसरं अवघड आहे, पण तुझ्यासाठी करीन.

तुझाच जबडा घेऊन आलेली,
तुझी लेक