रिकाम्या पेट्या

गुरुवार, ७ ऑगस्ट २००८, संध्याकाळ

यांचा कॉम्प्युटर सकाळी सुरूच झाला नाही. नुसतं टक, टक. फोनवर मुग्धा हसली. "अगं आई, मेल काय त्या डब्यात असतात? वारज्याला ये, माझ्याकडे उघडू."

गेले. लेकीने ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून यांची आणि माझी, मेलच्या दोन्ही पेट्या उघडल्या. जाहिरातींशिवाय काही नाही. तिचं हसू गेलं. "बाबांनी सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंय, आई. इथलं पुसून."

तसंच करायचे. मुक्त सॉफ्टवेअरवाले ना! आपलं टपाल आपल्या घरात, परक्याच्या कपाटात कशाला, हे किती वेळा ऐकलंय मी. मला शिकवायचं म्हणून आतल्या खोलीतून मेल पाठवायचे, "चहा होतोय का?" मीही मेलनेच कळवायचे, "उठून बघा." हे गेल्यापासून रोज त्यातली एक मेल वाचूनच दिवा लावते. आज काय वाचू?

दुरुस्तीवाला उद्या येणार. म्हणाला, "काकू, डिस्क गेलीय बहुतेक. तोवर चालू करू नका, असेल तेही जाईल." असेल तेही. म्हणजे नसेलही?

तरी मघाशी बटणावर बोट गेलंच. ती टक टकसुद्धा चालली असती मला. दाबलं नाही. पुन्हा हात जाऊ नये म्हणून वर चादर घातली, आणि लगेच ओढून काढली. तसं झाकलेलं मला बघवेना.