वाढत्या मापाच्या स्की

१४ जून
सईच्या स्की आणल्या एकदाच्या. आजवर भाड्याच्या चालल्या. यंदाच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, पोरगी शाळेच्या टीमसाठी ट्रायल देणार, म्हटलं स्वतःच्या हव्यात. कसाही बर्फ, कसाही उतार, सगळीकडे चालणाऱ्या घेतल्या. एका वस्तूत सगळी कामं, आपला स्वभावच तो.
दुकानदार म्हणाला, "मेट, उभी धरली की टोक हनुवटी ते कपाळाच्या मध्ये यायला हवं." मी डोक्याच्या वर बोटभर जाणाऱ्या उचलल्या. बूटही एक नंबर मोठे. चौदा वर्षांची आहे, भराभर उंच होतेय.
सई : "बाबा, दे आर टू लाँग."
वाढशील गं! आमच्या आईने दहावीपर्यंत माझ्या पँटी वाढत्या मापाच्याच शिवल्या. काही बिघडलं नाही.

५ जुलै
घरून, क्रेगीबर्नहून, पहाटे निघालो. वर डोंगरावर झक्क ऊन. बूट सैल होत होते, म्हणून दोन-दोन मोजे घालायला लावले. मीच.
दुसऱ्याच उतारावर ती वळली, स्की वळली नाही. मी खाली कॉफी घेऊन उभा. धावलो तर पाय गुडघ्यापर्यंत रुतले. पिवळ्या जॅकेटवाले बचावपथकाचे लोक माझ्याआधी पोचले. काय उपयोग माझा तिथे...

९ जुलै
उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलंय. ऑपरेशन करावं लागेल. ट्रायल गेली. पुन्हा स्की करेल का, तर सर्जन म्हणे पुढच्या सीझनला बघू.
मंजिरी एक शब्द बोलली नाही. दूध उतू गेलं तरी नवऱ्याला तासभर झापणारी बाई ही!
आणि सई, "इट्स फाइन, बाबा. पीपल फॉल."
अगं, ओरड ना माझ्यावर.

२३ ऑगस्ट
ऑपरेशन नीट झालं. आज फिजिओकडे. पाय वाकवताना रडायला लागली. मी आत गेलो.
"नॉट यू, बाबा. आई."
बाहेर येऊन बसलो.

२० सप्टें.
गॅरेजमध्ये स्की अजून त्याच ओल्या पिशवीत. कडांना गंज चढलेला. दोन महिने कुणाची हात लावायची छाती झाली नव्हती. दिवसभर घासला. व्हिडिओ बघून खाली वॅक्स लावलं, घरच्या इस्त्रीने वितळवून. जाड थर द्यायचा, उन्हाळाभर तसाच ठेवायचा, बर्फात जायच्या आधी खरवडायचा म्हणे.
मंजिरी : "आता त्याच इस्त्रीने माझी साडी कर बघू."
चला, बोलली तरी.

दसरा
पूजेला गाडी, लॅपटॉप, मंजिरीची शिलाई मशीन. स्कीही मांडल्या, हळदकुंकू लावलं. सई आली. चालते आता बरी.
"व्हाय दोज?"
म्हटलं, ज्याने आपलं काम होतं त्याची पूजा करायची...
अक्षता टाकल्या तिने. लॅपटॉपवर. मग गाडीवर. मग आत गेली.

६ जून
सर्जन म्हणाला, गुडघा तयार आहे, जायचं की नाही ते सईने ठरवावं.
दुपारी गॅरेज आवरत होतो तर सई आली. भिंतीवरची एक स्की काढली, शेजारी उभी धरली. टोक बरोबर कपाळापाशी. वर्षात एवढी वाढली पोरगी, आणि मी नुसता गुडघाच बघत होतो.
"परफेक्ट साइज नाऊ, बाबा."
हसून म्हणाली की कसं, कळलं नाही. तिने बोटाने वॅक्स जरा टोकरलं, स्की परत जागेवर लावली आणि आत गेली.
खरवडायची पट्टी माझ्या हातातच होती. वॅक्स काढू का गं, एवढंच विचारायचं होतं. दारापर्यंत गेलो आणि परत आलो.