शेतात विस्तव बंद

१२ एप्रिल १९९३, सोमवार
पाऊस पडेपर्यंत शेतात विस्तव बंद! पंचायतीने कागद काढला. धुरे-बांध पेटवायचे नाहीत, कपाशीची पऱ्हाटी जाळायची नाही. मागच्या साली शेजारच्या गावात धुऱ्याच्या आगीत दोन म्हशी भाजल्या, तेव्हापासून मी मागे लागलो होतो. ग्रामसेवक म्हणाला, आबा, तुम्ही चौथी शिकलेले, तुम्हीच वाचून दाखवा. पारावर दोनदा वाचला. ‘ज्वालाग्राही’ हा शब्द अडला. तो दोन्ही वेळा सोडून दिला.

माझ्या खालच्या अंगाला भुजंगचं शेत. तो म्हणाला, “मंग आबा, बिडी घरूनच पिऊन यायची का?” मी हो म्हणालो. लोक हसले. हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

१४ एप्रिल
वारं. दिवसभर वारं.
शिवारात तीन चकरा मारल्या. माझ्या वरच्या अंगाला साळूबाईचं रान. तिच्या कडब्याच्या गंजीला हात लावून पाहिला — तापली होती. नवरा गेल्यापासून बाईला दोन बैलांचाच आधार, आणि बैलांना पावसापर्यंत ती गंजी. बाई म्हणाली, “आबा, गंजी अंडी घालत न्हाई. किती डाव बघता?”
भुजंगने पऱ्हाटीचा ढीग घातलाय. म्हणे चुलीसाठी. एवढी चूल कोणाची असते?

१९ एप्रिल
घरी ही म्हणाली, डोक्यात आग घेऊन फिरू नका, पाणी प्या. प्यायलो. फरक नाही.

२१ एप्रिल, अमावास्या
जिवाला चैन नाही म्हणून म्हसोबाला गेलो. आमच्या वरच्या धुऱ्यावर, बाभळीखाली त्याचा दगड. नेहमीसारखा खापरात गोवरीचा विस्तव नेला, ऊद टाकला, नारळ फोडून खोबरं ठेवलं. हात जोडले — देवा, या शिवारात ठिणगी पडू देऊ नको. धूर साळूबाईच्या रानाकडे गेला. तिलाही पुण्य.
आज जेवण गेलं.

२२ एप्रिल
साळूबाईची गंजी गेली! भर दुपारी. विहिरीवरून घागरी येईपर्यंत राख. बैल तेवढे सुटले. बाई रडली नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.
मी सगळ्यांसमोर भुजंगचं नाव घेतलं. तो म्हणाला, सकाळपासून मंठ्याला गेल्तो. मी म्हणालो, जाताना बिडी टाकली असशील. लोकांना पटलं.

२५ एप्रिल
पंच बसले. माझी साक्ष झाली. पावसापर्यंत साळूबाईचे बैल भुजंगने सांभाळायचे, आपला कडबा घालायचा. त्याच्याकडे कडबा थोडा, म्हणून म्हैस विकायला काढली. ग्रामसेवक म्हणाला, आबा, तुमच्यामुळे गावाला शिस्त लागली.

२९ एप्रिल
भुजंग वाटेत आडवा आला. “आबा, तुम्ही मला बघितलं का?”
बघितलं नाही, पण माहीत आहे, असं सांगितलं. तो गेला. त्याची बायको उषाबाई मला पाहून दार लावते. लावू दे.

१६ मे
भुजंगची म्हैस मंठ्याच्या बाजारात गेली. ही म्हणाली, पाच महिन्यांची गाभण होती.

२१ मे, अमावास्या
पुन्हा म्हसोबाला गेलो. अमावास्येशिवाय तिकडे कोणी जात नाही. मागच्या वेळी ठेवलेलं खापर पालथं पडलेलं. कुत्रं खोबऱ्यासाठी आलं असावं. खापराखालपासून काळा पट्टा निघालेला — जळक्या गवतातून थेट साळूबाईच्या गंजीच्या जागेपर्यंत. चालत गेलो. एकशे दहा पावलं. परत येताना मोजली. तेवढीच. भुजंगच्या बाजूचं गवत पिवळं, उभंच्या उभं.
मी नाव घेतल्यावर आगीची वाट कोणी शोधलीच नव्हती.
आणलेला विस्तव मातीत पुरला. घरी येऊन कागद काढला. ‘कोणत्याही कारणासाठी’ असं लिहिलं आहे. हे शब्द अडले नव्हते. दोन्ही वेळा नीट वाचले होते. देवाचा विस्तव त्यात धरायचा, हे डोक्यातच आलं नाही.

२२ मे
पारावर सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. म्हणालो, बैल आजच माझ्या गोठ्यात आणतो. भुजंग खाली बघत होता. साळूबाई म्हणाली, “आबाच्या गोठ्यात नको. तिथं इस्तू असतो.”