आंधळ्या हाताची व्यवस्था

मी, झुंबरबाई बाळासो मगदूम, वय ६८, राहणार मुरगूड, पूर्ण शुद्धीत आणि तितक्याच रागात हे मृत्युपत्र करीत आहे. माझा मुलगा अमरसिंह "आईचं डोकं फिरलंय" असे भावकीत सांगत फिरतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

मुरगूडचे घर माझ्या कष्टाचे आहे. ते अमरसिंहाची मुलगी, माझी नात पूर्णिमा हिला द्यावे. ती सज्ञान होईपर्यंत माझा भाऊ जोतीराम याने सांभाळावे. म्हशी जोतीरामला. अमरसिंहाला भिंतीवरचा आरसा द्यावा. आपण चारचौघांत कसे दिसतो, याचीच त्याला चिंता.

आता हाताबद्दल. माझा उजवा हात कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात गेला. नंतर बसवलेल्या यंत्राच्या हाताला दंडावर बांधायचा पट्टा होता. बोटांनी हलके धरले की तो हलका थरथरायचा, घट्ट धरले की जोरात. त्याच्या भरवशावर मी अंडी उचलायचे, पूर्णिमाची वेणी घालायचे. बसवणाऱ्या बाईंनी अमरसिंहासमोर बजावले होते, "पट्टा काढला की हात आंधळा."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्याच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मी नातीचा हात धरून उंबरा ओलांडायचा होता. पट्ट्याची घुरघुर व्हिडिओत येते म्हणे! "आई, पाच मिनिटांत काय हुतंय? काढ की!" म्हणत त्यानेच तो सोडून खिशात घातला. यंत्राच्या हातात नातीचा हात धरून मी कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिले. पोर किंचाळली तेव्हा कळले. तिचे बोट मोडले होते.

सून मला बोल बोल बोलली आणि हा शहाणा मूग गिळून बसला. आजतागायत बसलाय. पूर्णिमा दारातून बघते, जवळ येत नाही. या गोष्टीने माझ्या जिवाची आग होते.

"आईला हातासकट अख्खी जाळायची," असे तो म्हणतो. खबरदार! हात आणि पट्टा आमच्या गल्लीतल्या मोनाला द्यावेत. तिचाही उजवा हात गुऱ्हाळाच्या चरकात गेला आहे. तिच्या मापाचे करून घेण्याचा खर्च माझ्या बचतीतून करावा.

त्याआधी, मला घरातून उचलण्यापूर्वी, बॅटरी चार्ज करून पट्टा अमरसिंहाच्या दंडाला बांधावा. भावकीतल्या प्रत्येकाने यंत्राची बोटे दाबावीत. आईचे काय काढून घेतले ते त्याला कळू दे. मग "पट्टा मी काढला" असे त्याने बायकोला आणि लेकीला मोठ्याने सांगावे.

नंतर पट्टा माझ्या दंडाला बांधावा आणि आजीचा हात धरतेस का, असे पूर्णिमाला विचारावे. भ्याली तर ओढू नये. धरलाच, तर मला उचलायची घाई करू नये.

सही (डाव्या हाताने): झुंबरबाई बाळासो मगदूम

झुंबरबाईंनी आमच्यादेखत, व आम्ही त्यांच्यादेखत सह्या केल्या.
साक्षीदार: १. पिराजी तुकाराम रणवरे २. राजमती भूपाल चौगुले

मुरगूड, ता. कागल, जि. कोल्हापूर
१७ फेब्रुवारी २०२५