काचेपलीकडून वाचलेलं बोलणं

मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे की, मी खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा विणकर. दोन्ही कान निकामी, डोकं मात्र शाबूत. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, संतापाने लिहितो आहे. डॉक्टर म्हणतात रागावू नका. त्यांचं काय जातं सांगायला!

१. हातमाग. हा माझ्या वडिलांचा. वाफेवरचे माग आले आणि वर्षभरात आमच्या गल्लीतले सगळे हातमाग बंद पडले. आम्ही नवरा-बायको गिरणीच्या दारात जाऊन उभे राहिलो. आता गिरणीमालकाला हाच माग दिवाणखान्यात शोभेला हवा आहे. फोडून चुलीत घाला, पण त्याच्या घरी जाता कामा नये.

२. खिशातलं घड्याळ टाइमकीपरला द्यावं. गिरणीचं घड्याळ सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे करणारा हाच. मी स्वतःचं घड्याळ आणलं म्हणून त्याने मला आठ दिवस घरी बसवलं होतं. निदान मरताना तरी त्याला खरी वेळ कळू दे.

३. घर. हे नीट वाचा. आम्ही दोघं तीस वर्षं समोरासमोरच्या मागांवर होतो. त्या खडखडाटात आवाज पोचत नसे, म्हणून सगळे विणकर नुसत्या ओठांनी बोलत. आम्ही भांडलोही तसेच. दोघांचे कान तिथेच गेले. हिचे डोळे गॅसच्या दिव्याखाली तुटके धागे जोडताना गेले. आता मी बोलतो तेव्हा ही माझ्या ओठांवर बोटं ठेवते, आणि सगळं कळतं तिला.

आमच्या दोन्ही मुलांनी हे जन्मभर पाहिलं. तरी गेल्या रविवारी अंगणात, खिडकीच्या काचेपलीकडे, दोघे माझ्याकडे तोंड करून खुशाल बोलत उभे राहिले.

थोरला म्हणाला, "बाबा गेले की घर गिरणीच्या गोदामाला देऊन टाकू."

"आणि आई?"

"तिला ना दिसतं, ना ऐकू येतं. आंधळ्या-पांगळ्यांच्या आश्रमात ठेवली काय नि इथे ठेवली काय, तिला काय कळणार आहे?"

धाकटा हसला. अरे नालायकांनो! बापाचा धंदा काय होता एवढंही विसरलात? आणि हा धाकटा म्हणे तार ऑफिसात शंभर कोसांवरचा निरोप घेतो!

म्हणून घर हयातभर हिचं. पुढे धाकट्या सुनेचं, तिच्या एकटीच्या नावावर, कारण या घरात हिची बोटं आपल्या ओठांवर धरायला तीच काय ती शिकली. तिच्या नवऱ्याने तिला विचारूनच आत पाऊल टाकावं. मुलांना भिंतीतला खिळाही मिळणार नाही.

४. त्या रविवारी पोरं अंगणात बोलत उभी आहेत, हे मीच हिला आधी सांगून बसलो होतो. हिने विचारलं, "पोरं काय म्हणतायत हो?" मी म्हणालो, "आईला आम्ही अंतर देणार नाही, असं म्हणतायत." ती इतकी हरखली की मला तिच्याकडे बघवेना. उभ्या संसारात तिच्याशी एवढंच खोटं बोललो.

मी गेल्यावर, घर मुलांना का नाही, असं ती विचारणारच. सुनेने उत्तर देऊ नये. दोघा मुलांनी तिच्यासमोर बसावं, तिची बोटं स्वतःच्या ओठांवर ठेवावीत आणि काय बोललो होतो ते तिला सांगावं.

अंमलबजावणी डॉक्टरांनी करावी.

सही: विणकर
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. शेजारचा लोहार (अंगठा)
ठिकाण: राहतं घर, खिडकीची खोली
तारीख: १४ नोव्हेंबर