भिंतीजवळचा खड्डा

चांदा,
ता. १४ मे १९५६

सोमारी वहिनींस लटारूचा नमस्कार.

हे पत्र गुणवंतराव गुरुजी वाचून दाखवतील. गुरुजी, अर्ध्यावर थांबू नका आणि काही गाळू नका.

आम्ही बरे आहोत. कमळाचा खोकला तेवढा जात नाही. मी बनवलेल्या रेडिओची बातमी मात्र मोठी आहे. नागपूरचा एक कारखानदार येऊन दोन तास ऐकत बसला. बाजारातले रेडिओ जंगलातल्या दमट हवेत मुके होतात, हा कसा बोलतो, याचं त्याला नवल. मी सांगितलं, तारेचं वेटोळं बांबूच्या नळीवर आहे, वरून लाखेचा लेप. ही अक्कल तुमच्या घरधन्याची, लालसूची, माझी नाही. तो शंभर नग बनवायचं म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.

बघा, पुन्हा रेडिओवरच बोलत बसलो.

परवा बाजारात तुमच्या गावचा इतवारी भेटला. वर्ष झालं तरी गाव तुमच्या घरचं पाणी घेत नाही आणि लेकीची, नीलाची सोयरीक मोडली, असं म्हणाला. पेरणीआधीचा बीज पंडुम हा सण व्हायच्या आत लालसूनं जमीन उकरली, म्हणून त्याच्यावर वीज पडली, असं लोक बोलतात. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

वहिनी, लालसूनं जमीन उकरली नाही.

रेडिओला दोन तारा लागतात. एक उंच झाडावर, दुसरी जमिनीत रोवलेल्या सळईला. आभाळ भरलं की दोन्ही जोडायच्या, म्हणजे वीज घरात न येता मातीत जाते. सळई रोवायला मी सब्बल उचलली, तर लालसूनं हात धरला. "पंडुम झाल्याबिगर आमी मातीले लोखंड लावत नाई, भाऊ. आठ रोज थांब ना. काऊन घाई करून राह्यला?"

थांबायला हवं होतं. पण भामरागडात नागपूर केंद्र ऐकू येतं का, हे बघायची मला खुमखुमी. म्हटलं, सळई राहू दे भिंतीशी, वरची तार तर बांधू. मोहाच्या झाडावर मीच चढलो. आभाळ भरलं तर रेडिओ कानाला लावू नको, एवढं सांगायचंही आनंदात विसरलो. उलट निघताना बजावलं, "रोज दुपारी ऐकत जा." त्यानं माझं ऐकलं.

तुमच्या भिंतीजवळचा तो खड्डा विजेनं पाडला, तिथं पडलेल्या माझ्या सळईमुळे. तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी आलो, तेव्हा पुजाऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "हा खड्डा कोनं खोदला?" मला उत्तर माहीत होतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. लोकांची भीती वाटली. आणि खरं सांगतो, रेडिओचं नाव खराब होईल असंही वाटलं.

लालसूनं नेम मोडला असता तर आज तो जिवंत असता. त्यानं तो पाळला.

गुरुजी, हे पत्र गाव जमवून पुन्हा वाचा. पावसानं वाट बंद व्हायच्या आत मी येतो आहे. गाव देईल ती शिक्षा मान्य. मोहावर तार अजून असेल तर कुणी हात लावू नका. मी बांधली, मीच सोडवीन.

या पापाचा धनी,
लटारू